शांताचं राहिलेलं मौन

२८ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

शांता, तिकडं तुम्हा सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत? थोरांपासून विचारतो, नाहीतर म्हणशील, आधी बायकोलाच विचारलं. आमचे वडील मन्मथप्पा कसे आहेत? आभाळ भरून आलं की त्यांना धाप लागायची. तिथं आभाळच नाही, तेव्हा बरे असतील. आत्या साखराबाईला अजून ऐकू येत नाही का? तिच्याशी ओरडून बोलू नकोस, हाताला धरून सांग, तिला कळतं. आपलं बारशाच्या आधीच गेलेलं लेकरू रडत नाही ना? त्याला नाव ठेवायचं राहिलं, म्हणून कुठल्या नावानं विचारावं ते मला कळत नाही.

आणि तुझे गुडघे? खरं तर हेच विचारायचं होतं. शेवटची किती वर्षं तुला मांडी घालता येत नव्हती. खुर्चीवर बसून तू लिंगपूजा करायचीस. आणि आपल्या लिंगायतांत तर मातीत ठेवताना मांडी घालूनच बसवतात. त्या दिवशी तुझे पाय दुमडायला लागले तसं मी शिवशंकर स्वामींना म्हणालो, "हळू घ्या, तिला दुखतं." सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

इकडं सगळे ठीक. संगमेश दुकान बघतो, त्याचं पोट सुटलंय. सून रुचिका मात्र वाळत चाललीय. मला साखर आहे तेवढीच आहे.

मी वर्षभर बोललो नाही तुझ्याशी. आज बोलतो, कारण आजपासून तुझं मौन मी पुढं चालवायला घेतलंय. दर साली श्रावणातल्या पहिल्या सोमवारपासून कार्तिक पुनवेपर्यंत तू जेवताना तोंडातून शब्द काढायची नाहीस. पुनवेला कपिलधारला घंटा वाहायची आणि मग तुझं मौन सुटायचं. गेल्या साली मध्येच गेलीस. घंटा आणलेली तशीच कोनाड्यात आहे. तिचा लोलक, त्याला तू घंटेची जीभ म्हणायचीस, तो तूच हिरव्या खणाच्या चिंधीनं बांधून ठेवलाय. पुनवेआधी वाजू नये म्हणून.

दुकानात एक कोरी डायरी आली होती, ती घेतली. माझी शाळा तिसरीपर्यंत. वाचायला शिकलो ते रद्दीच्या कागदात पुड्या बांधता बांधता. म्हणून जगातल्या लई गोष्टी मला अर्ध्या माहीत आहेत. शेवटचा कागद गिऱ्हाईकाबरोबर जायचा. तुला मात्र अक्षर शिकवायचं राहूनच गेलं. आज शिकवू, उद्या शिकवू.

एकच गोष्ट मला कळायला हवी. शेवटच्या जेवणाला तू बोटानं काही मागितलंस. मी दिलं. ते बरोबर होतं का?


३० जुलै

सोमवारी सकाळी घरात सांगितलं तेव्हाचं लिहायचं राहिलं. संगमेश म्हणाला, "अप्पा, तुमी साखरेचं माणूस. जेवताना काय झालं तर बोलायचं न्हाई का?"

रुचिका पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. वर्षभर या पोरीच्या तोंडून "हो" आणि "वाढू का" याच्या पलीकडं काही निघालं नाही. ती म्हणाली, "मामा, हे तुमचं नवं मौन, का आत्याबाईंचं राहिलेलं?"

"तिचंच. तिच्या नावानं."

"म्हंजे पुनवेला घंटा वाजली, की आत्याबाईंचं मौन सुटलं. असंच ना?"

"असंच म्हणायचं."

पिठाच्या हातानं ती माझ्या पाया पडली. डोकं टेकलं ते उचलेचना. मीच म्हणालो, "पोरी, पोळी करपली." उठली तेव्हा माझ्या दोन्ही पावलांवर पिठाचे पंजे उमटले होते. मला लई भरून आलं. सासूवर एवढी माया करणारी सून या दिवसांत कुठं मिळते?

मौनाचं म्हणशील तर अवघड आहे. आपण बोलायचं थांबलो की घराला कंठ फुटतो. पहिल्याच दिवशी माझ्या समोरच्या बाजूला, तू खुर्ची टाकून बसायचीस तिथं, बांगड्या वाजल्या. रुचिका चुलीपाशी होती आणि तिच्या हातात एकेकच बांगडी आहे. परळीकडं जाणारी गाडी स्टेशनातून सुटली तशी कोनाड्यातली घंटाही गुणगुणली. जीभ बांधलेली, तरी अंगानं गुणगुणली.


६ ऑगस्ट

आज बिभीषण आला, ऐन जेवणाच्या वेळेला, मुद्दाम. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. सायकलचं दुकान बंद करून दहा वर्षं झाली, पण माणसांची हवा काढायची सवय गेली नाही. माझ्या ताटासमोर फतकल मारून बसला.

"काय बे सिद्ध्या, जिती व्हती तवर वैनीला बोलू दिलं न्हाईस, आन् आता ती गेल्यावर सवता गप बसतूस व्हय?"

मी घास चावत राहिलो.

"बरं ऱ्हाऊ दे. तुझ्या शेंगदाण्यात जल्मभर खडे व्हते. खोटं असंल तर बोल!"

शांता, मी नातवाच्या वयाच्या पोरांची बोलणी ऐकून घेईन, पण शेंगदाण्यात खडे? शब्द अगदी ओठांपर्यंत आला. तेवढ्यात रुचिका हातात पळी घेऊन पुढं आली. वर्षभर मान वर न केलेली पोरगी, आणि ती थेट त्याच्या पुढ्यात उभी राहिली. "बिभीषणकाका, हात जोडते. त्यांचं जेवण व्हईस्तोवर ओसरीवर बसा."

"आगं, म्या गंमत करीत व्हतो."

"ही गंमत न्हाई काका. त्यांचं मोडलं तर..." डोळे भरले होते.

नंतर ओसरीवर बिभीषणाला गप बसवेना. त्याला मौनाची सवय नाही, त्याचं अंग अवघडलं. मग म्हणाला, "सिद्ध्या, तुला म्हण ठावं हाय ना? बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू सुदिक विकत न्हाईत. तुझं मौन लई चांगलं हाय बे. पर मुका, मौनी आन् भ्यालेला, तिघंबी भायेरून सारखेच दिसतेत. वळखायचं कसं?"

मी म्हणालो, "मौनी माणसाच्या तोंडावर शांती असते."

"असंल बाबा. म्या जवळून बघितला न्हाई एकबी."


१७ ऑगस्ट

शेजारची छबुबाई विरजण न्यायला आली होती. म्हणाली, "अप्पा, तुमची सून म्हंजे गाय हाय गाय. वरीस झालं, वर तोंड करून बोलली न्हाई. न्हाईतर आमची! घरात मानूस न्हाई घावलं तर टीव्हीसंगट भांडती."

मी दुकानदार माणूस, मालाची स्तुती ऐकली की छाती फुगते. रुचिका विरजण देऊन आत गेली. गाईनं शेपटी हलवावी तेवढंही हलली नाही.

आता तुला एक खरं विचारतो. मिठाची बरणी तू हलवतेस का? चिनी मातीची, तुझ्या आईनं दिलेली. ओट्यावरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात तिची जागा. आता रोज ती वेगळीच असते. कधी मधे, कधी उजव्या टोकाला, काल तर फळीच्या पार कडेला, जरा धक्का लागला तर पडेल अशी. मी जाग्यावर ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकलेली. संगमेश फळीला हात लावत नाही. रुचिकाला विचारलं तर म्हणाली, "मला ठावं न्हाई मामा." ती तर त्या बरणीकडं बघतसुद्धा नाही. मीठ घालायचं तर चमचा आत घालते आणि तोंड दुसरीकडं करते. स्वतः अळणीच जेवते. तिनंही काही व्रत धरलेलं दिसतंय. विचारलं नाही, व्रत बोलून दाखवलं की पातळ होतं असं तूच म्हणायचीस.

तेव्हा बरणी हलवणारी तूच. मला बरं वाटतं आणि पाठीतून गारही वाटतं, दोन्ही एकदम.


२३ ऑगस्ट, पोळ्याची कर

तिथीनं आज वर्ष झालं.

शिवशंकर स्वामी आले, समाधीवर बेल वाहिला, विभूती लावली. ते शेवटचं जेवण पुन्हा पुन्हा समोर येत होतं, ते इथं एकदा नीट मांडतो, तुला काही आठवलं तर दुरुस्त कर.

पोळ्याच्या पोळ्या उरल्या होत्या. रुचिका त्यातल्या चार छबुबाईला द्यायला गेलती. घरात आपण दोघंच. तू खुर्चीवर, ताट मांडीवर, मी पाटावर. तू दोन घास खाल्लेस आणि थांबलीस. कपाळावर घाम होता. मला वाटलं तिखट लागलं. मग तू डाव्या हातानं फळीकडं बोट केलंस. मी विचारलं, "काय पाहिजे?" तू परत तिकडंच बोट केलंस, घाईनं. आमटीत मीठ कमी पडलं की तू नेहमी असंच करायचीस. मी उठलो, बरणी उचलली. मागं चांदीच्या कागदाचं काहीतरी चमकलं, चहाच्या पुडीचा कागद असेल. बरणी तुझ्या पुढ्यात आणून ठेवली. तू बरणीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि हसलीस. मग भिंतीला डोकं टेकलंस. मी म्हणालो, "जेव की." मला वाटलं मौन आहे.

किती वेळ मी एकटाच बोलत होतो, कोण जाणे. रुचिका आली, दारातच तिनं ताट टाकलं.

दिवस मावळायच्या आत तुला बसवलं. रीतीप्रमाणं विभूती घातली आणि भोवती मीठ ओतलं. मीठ आपल्याच दुकानातलं. मी स्वतः पोती उघडून दिली. तुझ्या गळ्यापर्यंत मीठ आलं तेव्हा मला ते हसू आठवलं.

तू का हसलीस? तेवढं कळलं असतं तर हे वर्ष बरं गेलं असतं.


२४ सप्टेंबर

पावसानं उच्छाद मांडलाय. वाटा बंद. रुद्रभूमीच्या खालच्या अंगाला पाणी भरलंय असं बिभीषण सांगत आला. आपल्या समाध्या वर आहेत, पण मी छत्री घेऊन जाऊन आलोच. तुझ्या दगडाला हात लावला, गार होता. भोवतीचं मीठ आता विरघळलं असेल. तुझ्याभोवती काय उरलं असेल?

घरातलं मीठही पाझरायला लागलंय. बरणीखाली रोज ओलं वर्तुळ उमटतं. ती हलली की वर्तुळं फळीभर होतात. त्यांवरून बरणी कुठून कुठं गेली ते दिसतं, पण कशासाठी गेली ते दिसत नाही.

आज जेवताना संगमेश माझ्या समोर बसला. मी बोलत नाही म्हणून लोक माझ्यापुढं मन मोकळं करतात, तुझ्यापुढंही करायचे. म्हणाला, "अप्पा, ती माझ्यासंगट बोलंना. डॉक्टरला दाखवू म्हणलं तर अंबाजोगाईचं नाव काढलं की हातपाय गार पडतेत तिचे. म्या काय केलंय? तुमीच सांगा."

सांगायचं होतं. तोंडात घास होता आणि मौन होतं. जेवण आटोपून हात धुवेपर्यंत तो दुकानात गेला. मग मलाही वाटलं, नवराबायकोच्या मधे म्हाताऱ्यानं कशाला पडावं? झाकली मूठ सव्वा लाखाची.


२ ऑक्टोबर, दसरा

सोनं दिलं-घेतलं. रुचिका म्हणाली, "मामा, पुनव झाली की मी पालीला जाईन. माझा भाऊ उत्तरेश्वर न्यायला यील."

"जा की पोरी. किती दिवस?"

"पुनव झाली की बोलते."

माहेरी जायचं म्हणून तिनं मोठी पेटी काढलीय. लग्नातला शालू, हिवाळ्याच्या चादरी, भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो, सगळं भरतेय. बायकांना माहेरी सगळं दाखवायची हौस असते.


२२ ऑक्टोबर, पाडवा

रुचिकानं मला ओवाळलं. तुझी जागा रिकामी. ताटातला दिवा वाऱ्याशिवाय वाकला आणि तुझ्या खुर्चीकडं वळला. मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं, छबुबाई गावभर तुझी भुताटकी करून टाकेल.

आता पुनव आली. रुचिका रोज मी हात धुतले की भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून सुस्कारा टाकते. जणू मी जेवलो नाही, घाट चढून आलो.


३ नोव्हेंबर, सोमवार

शांता, मोडलं. माझ्याकडून मोडलं.

संगमेश आज घरीच जेवायला होता. आमटीचा भुरका मारून म्हणाला, "मीठ दे गं." साधंच. रुचिका फळीपाशी गेली. दोन्ही हातांनी बरणी उचलली आणि तशीच उभी राहिली. फळीवर बरणीच्या मागं जी मोकळी जागा होती तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं एक हात छातीवर धरला. कपाळावर घाम. तोच घाम, शांता, तुझाच. मला तू दिसलीस. भिंतीकडं कलायला लागली तशी बरणी सुटली.

"रुचिका! पोरी, काय व्हतंय गं तुला?"

मीच ओरडलो. पुनव दोन दिवसांवर असताना.

ती खाली पडली होती, मिठात. मी वाकलो तशी ती उठून बसली आणि तिनं तळहात माझ्या तोंडावर दाबला. आमच्या घरात सून कधी सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. तिनं पंजा दाबून धरला. पंजाला मीठ होतं, माझे ओठ खारट झाले. "बोलू नका मामा! बोलू नका! गिळा, तो शब्द गिळा!"

गेलेला शब्द कसा गिळणार?

मग ती रडली ते असं, की छबुबाई भिंतीपलीकडून हाका मारायला लागली. "सुटलं न्हाई. आता माझं कधीच सुटायचं न्हाई. आत्याबाईंनी गळ्यातल्या लिंगावर हात ठिवायला लावलाय. माझं मौन सुटेस्तोवर कुणाला बोलायचं न्हाई म्हणल्या. आन् त्यांचं मौन सुटलंच न्हाई मामा, त्याच गेल्या!"

"काय बोलायचं नाही?"

ओठ मिटले. पुन्हा गाय.

संगमेशनं गाडी काढून तिला अंबाजोगाईला नेलं. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, दुसरं काही नाही म्हणाले. सलाईन लावून संध्याकाळी परत आली.

मिठातले चिनी मातीचे तुकडे मी वेचले. बरणी तू हलवत नव्हतीस. कोण हलवत होतं, तेही आता कळलं. ती बरणीमागं काहीतरी रोज शोधत होती.


४ नोव्हेंबर

सकाळीच शिवशंकर स्वामींकडं गेलो. सगळं सांगितलं. ते भले माणूस. डोळे मिटून म्हणाले, "अप्पा, लिंगावरचा शब्द म्हंजे प्राणावरचा शब्द. मौन मोडलं, तर आता ते फिरून धरायचं. पुढल्या श्रावणापासून पुनवेपर्यंत. मग घंटा वाहा, मग सुनेला मोकळीक."

"अजून एक साल?"

"देवाला सालाचं काय?"

"देवाला न्हाई स्वामी. पोरीला. ती साल काढायची न्हाई."

त्यांनी डोळे उघडले. गळ्यातल्या आपल्या लिंगाला हात लावला, पण बोलले काही नाहीत. त्यांचं ते गप राहणं हो होतं, का नाही होतं, का त्यांनाही कळत नव्हतं? वाटेनं मला बिभीषणाचा प्रश्न आठवत राहिला. वर्षभर माझ्या घरात एक पोर भ्यालेली होती आणि मी तिला मौनी समजून मिरवत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो माझ्या डोळ्यांपुढं चालला होता, आणि मी इथं डायरीत तिची तारीफ लिहीत होतो. मागची पानं आज वाचली. लाज वाटली.

घरी आलो. कोनाड्यातली घंटा काढली. सैपाकघरात रुचिका भिंतीला टेकून बसली होती, संगमेश तिच्याजवळ. मी हिरव्या चिंधीची गाठ सोडायला लागलो. तुझी गाठ, शांता, सुटता सुटेना. दातानं सोडली. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तुझं सगळं पुण्य मी दातानं कुरतडतोय. तू इतक्या वर्षांत एकही साल चुकवलं नाहीस, आणि मी तुझं मौन पुनवेच्या आधी, मोडलेल्या अवस्थेत, सैपाकघरात संपवतोय. तुला राग येईल हे माहीत होतं. तरी वाजवली. जोरानं वाजवली. फळीवरची भांडी थरथरली.

म्हणालो, "शांतादेवीचं मौन सुटलं. मी तिचा नवरा, मी सांगतो. रुचिका, बोल."

तिनं माझ्याकडं बघितलं, कोनाड्याकडं बघितलं, घंटेची हलणारी जीभ थांबेपर्यंत बघत राहिली. मग बोलली.

गेल्या साली श्रावणात तू तिला बांगड्या घ्यायला म्हणून अंबाजोगाईला नेलंस. बांगड्या घेतल्याच नाहीत. डॉक्टरनं छातीच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली, लगेच भरती व्हा म्हणाला. तू म्हणालीस, पुनवेनंतर येते. त्यानं बारक्या गोळ्या दिल्या. छातीत कळ आली की एक जिभेखाली धरायची. तू घरी येऊन त्या मिठाच्या बरणीमागं ठेवल्यास, म्हणजे मी दुकानातून आलो तरी मला दिसणार नाहीत. आणि पोरीचा हात तुझ्या लिंगावर ठेवून घेतलास. "ह्यांना कळलं तर मला दवाखान्यात घालतील आन् मौन मोडंल."

"त्या दिवशी मी घरात असते तर दिली असती मामा. छबुबाईनं धरून ठिवलं, जावायाचं सांगत बसल्या. मला उठता यीना. मी आले तवा पुढ्यात मीठ व्हतं. गोळ्या तिथंच, फळीवर. मी त्या बेलाच्या टोपलीत घातल्या, त्यांच्यासंगट पुरल्या. पर मला रोज वाटायचं, परत तिथंच असतील. बरणी सरकवून बघायची मी. रोज."

संगमेश उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. मी बसून होतो. बोट फळीकडं होतं. बरणीकडं नव्हतं, बरणीच्या मागं होतं. एक वीत.

"मामा, तुमी मला घालवून देताल का?"

"कुठं?"

"पालीला. मी पेटी भरलीया."

मी ताट घेतलं, त्यात भात वाढला, आमटी घातली, आणि फुटक्या बरणीतलं जे मीठ वाटीत काढून ठेवलं होतं त्यातलं चिमूटभर तिच्या भातावर घातलं. म्हणालो, "जेव. आणि जेवताना बोल. माझ्या घरात आता जेवताना बोलायचं."

पहिला घास तिला गिळवेना. तिसरा गेला. खाता खाता म्हणाली, "आमटी खारट झालीया." वर्षानं तिनं कशाला तरी नाव ठेवलं.


५ नोव्हेंबर, पुनव

उत्तरेश्वर सकाळी आला. रुचिका चार दिवसांसाठी पालीला गेली. मोठी पेटी पलंगाखाली परत ढकललीय. हातपिशवी घेऊन गेली. जाताना तिच्या आईचा फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

घंटा कपिलधारला नेली नाही. जेवायच्या जागी, बसल्या माणसाचा हात पोचेल अशी टांगलीय. पुढं कुणाला मौन धरायचं असेल त्यानं धरावं, पण काही झालं तर घंटा वाजवावी. छबुबाई म्हणाली, "अप्पा, सैपाकघर हाय का देऊळ?" मी म्हणालो, "तुमची आमटी चाखायला या, मग कळंल." पोळ्याच्या करीला रुचिकाला बोलत बसवल्यानं काय झालं, ते तिला सांगितलं नाही. हे गप राहणं कुठल्या जातीचं, ते माझं मलाच ठरवू दे. बिभीषण घंटा दोनदा वाजवून बघून गेला आणि म्हणाला, "शेंगदाण्यात खडे व्हतेच."

दुपारी समाधीवर जाऊन बसलो होतो. तुला सगळं सांगितलं, पण मोठ्यानं बोललो नाही, सवय लागलीय. गाडी गेली तेव्हा तिथंही जमीन थोडी गुणगुणली. आता भीती कमी झालीय आणि दुःख वाढलंय. आधी वाटायचं तू घरात आहेस, बरणी हलवतेस. आता कळलं की घरात तू नाहीस. तू तिथंच आहेस, मांडी घालून, आणि गोळ्या तुझ्या मांडीवर, बेलाच्या पानांत.

राहून राहून एकच येतं. मी बरणी आणून ठेवली आणि तू हसलीस. तोंड उघडून "गोळी" म्हणाली असतीस तर मौन मोडलं असतं, जीव राहिला असता. तू नाही म्हणालीस. माझ्या वेंधळेपणाला हसलीस? मला दोष लागू नये म्हणून हसलीस? का दुखत होतं आणि मला ते हसू वाटलं? तुझा चेहरा वाचायला मी कुठल्या रद्दीवर शिकणार होतो? तोही कागद अर्धाच माझ्या हाती राहिला.

तुझं मौन मी सोडवलं आहे. चांगलं का वाईट ते तुझ्या देवाला विचार. पण आता तुझ्यावर बोलायची बंदी नाही, हे लक्षात ठेव. आमच्या वडिलांना, साखराबाईला माझा नमस्कार सांग, लेकराला पापा दे. गुडघ्यांचं कळव. आणि त्या हसण्याचं कळव. अक्षर येत नाही असं म्हणू नकोस, कुणाकडून तरी लिहवून घे, नाहीतर नुसतं बोट कर. या खेपेला मी मीठ आणणार नाही, मागं हात घालून बघेन.

मी इथंच आहे, जेवायच्या जागी, घंटेजवळ. उत्तर लवकर पाठव.